लाइन गेली, लाइन आली

बंगळुरूला शिकत असताना मला वाटायचं, आपण गावी परतून दुर्बीण लावली की लोक अंधश्रद्धेचे प्रश्न विचारतील आणि आपण शांतपणे उत्तरं देऊ. उत्तरं पाठ करूनच आले होते. इथे तसला एकही प्रश्न कुणी विचारला नाही. निरीक्षणांसाठी आणलेली वही मात्र तीन आठवड्यांत किश्शांनी भरली. निरीक्षणाचं एकच पान उरलं, तेही कोरं.

काम सोपं होतं. नेपच्यूनच्या पलीकडचा एक बर्फाळ गोळा संध्याकाळी साडेसातच्या सुमारास एका ताऱ्यासमोरून जाणार होता. तारा वीसेक सेकंद दिसेनासा होणार. तो किती वेळ झाकला गेला हे मोजलं की गोळा केवढा आहे याचा अंदाज येतो. गोंदियातल्या माणसांनी सूर्यमालेच्या टोकाची वस्तू मोजावी, एवढंच माझं स्वप्न. बंगळुरूच्या माझ्या जुन्या संस्थेने तीन दुर्बिणी उसन्या दिल्या. अट एकच: एक तरी वेळ नीट नोंदवली गेली तर दुर्बिणी इथेच राहतील. नाहीतर दुसऱ्या दिवशी पार्सलने परत.

* * *

सरपंचबाईंना मी सांगितलं, "त्या गोळ्याची सावली आपल्या जिल्ह्यावरून जाणार आहे."

"कधी?"

"अंधार पडल्यावर."

त्यांनी थोडा विचार केला. "मंग दिसन कशी?"

मी वही उघडून हा प्रश्न लिहून घेतला.

* * *

बिरसीची दुर्बीण तिथल्या शाळेतल्या रहांगडाले सरांकडे. सरावाच्या दिवशी त्यांचा फोन आला.

"मॅडम, तारा चालून राहिला."

"तारे हळूहळू सरकतातच, सर."

"हा हळू नाही चालून राहिला. आता त्यानं वळण घेतलं."

बिरसीला विमान चालवायला शिकवतात. सरांनी एका शिकाऊ वैमानिकाचा दिवा धावपट्टीपर्यंत सोडला नव्हता.

"सर, ते विमान होतं."

"हो का? पण उतरवलं मस्त त्यानं."

* * *

दुसरी दुर्बीण मी स्वतःकडे ठेवली. तिसरी चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मेश्राम काकांकडे. काका जन्मभर लाइनमन होते, आता रिटायर. खांबावर चढायची सवय, त्यामुळे एकदा डोळा लावला की हलत नाहीत. मी समजावलं: फोनमध्ये दर सेकंदाला टिकटिक वाजेल, रेकॉर्डिंग चालू राहील. तारा दिसेनासा झाला की ‘गेला’ म्हणायचं, दिसला की ‘आला’. बाकी बोलायचं नाही.

"काकूचा फोन आला त?"

"उचलायचा नाही."

"हे तूच तिले सांग, बाई."

मी काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यायले बोलू नका म्हणून तू सांगतलं? मी लगन झाल्यापासून सांगून राहिली."

* * *

तो दिवस आला. मी सडक अर्जुनीला, हायवेवरच्या एका ढाब्याच्या गच्चीवर. मालकाने पाच मिनिटं बोर्डाचा लाइट बंद करायचं कबूल केलं आणि शब्द पाळला. ढाबा अंधारात बघून तीन ट्रक थांबले. हेडलाइट थेट गच्चीवर.

"दीदी, सब ठीक है ना?" एका ड्रायव्हरने खालून विचारलं.

ताऱ्याच्या जागी मला फक्त पांढरा उजेड दिसत होता.

बिरसीला ढग आले. रहांगडाले सरांनी कळवलं, "विमानही नाही दिसून राहिलं."

* * *

राहिले मेश्राम काका. त्यांनी पाठवलेलं रेकॉर्डिंग लावलं. टिकटिक, रातकिडे, टिकटिक. मग काकांचा आवाज: "लाइन गेली." पुन्हा टिकटिक. थोड्या वेळाने: "आली लाइन."

‘गेला’ नाही, ‘आला’ नाही. रिटायर होऊनही माणूस गावच्या विजेवर लक्ष ठेवून होता. मी वहीतल्या कोऱ्या पानावर ‘काही हाती लागलं नाही’ असं लिहिलं आणि सरांनी रात्रीच आणून दिलेली आणि माझी, अशा दोन दुर्बिणी खोक्यात भरल्या.

सकाळी तिसरी आणायला चोरखमाऱ्याला गेले. पार्सलवाला दहाला येणार होता. काका पाळीवर दुर्बीण पुसत होते.

"काका, काल इकडे किती वेळा लाइन गेली?"

"एकच डाव."

"पूर्ण गावाची?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग पाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला. "इथं खांब कुठं हाय? अन् गावची त काल गेलीच नाही. तुनंच त वर पाहाले सांगतलं होतं."

मी तिथेच खाली बसले, रेकॉर्डिंग पुन्हा लावलं आणि या वेळी ‘गेली’ आणि ‘आली’ यांच्यामधली टिकटिक मोजली. एकोणीस.

मग पार्सलवाल्याला फोन केला. येऊ नका म्हटलं.

"काऊन?" त्याने विचारलं.

"लाइन आली," मी सांगितलं.