वाइनोनं ओढ्याला दिलेलं झाड

वाइनो लाहतीची उमेदीची वर्षं ओढ्यातले ओंडके उपसण्यात गेली. आल्बियन नदीच्या खोऱ्यात तेव्हा सगळ्यांचीच पक्की समजूत होती, की पाण्यात पडलेली झाडं समुद्रातून अंडी घालायला वर येणाऱ्या सॅमन माशांची वाट अडवतात. सरकारी हुकूम येई, वाइनो साखळी लावी, यंत्र ओढी. ओढा घासलेल्या भांड्यासारखा लख्ख झाला. मासे मात्र कमी होत गेले आणि एका हिवाळ्यात आलेच नाहीत.

वाइनोनं सत्तरी ओलांडली तेव्हा मासे परत आणू पाहणारी मारिसेल ओचोआ त्याच्या दारात आली. झाडानं पाणी अडल्याशिवाय डोह होत नाही, आणि डोहाशिवाय पिल्लं उन्हाळा काढत नाहीत, असं तिनं समजावलं. काठावरचा रेडवूड वृक्ष तिला ओढ्यात आडवा हवा होता.

नेमका तोच वाइनोनं वाढवलेला. बापानं तोडलेल्या झाडाच्या बुंध्याभोवती फुटव्यांचं रान माजलं होतं. त्यातला एक जोमदार ठेवून बाकीचे तो वर्षानुवर्षं छाटत आला. आता तो वृक्ष दोघांच्या कवेत मावत नव्हता. धुकं आलं की त्याच्या पानांवरून टपटप पाणी गळे आणि खालचे नेचे कोरड्या दिवसांतही हिरवे राहत.

"आल्डरची झाडं घेऊन जा, हवी तितकी," वाइनो म्हणाला.

"मिस्टर लाहती, आल्डर चार-पाच वर्षांत कुजेल. रेडवूड तुमच्या पतवंडांपर्यंत टिकेल."

"मला नातवंडंच नाहीत."

"माशांना होतील की," आतून त्याची बायको ऐली म्हणाली. "जन्मभर त्या झाडाचं कौतुक ऐकलं तुझ्याकडून. आता जरा माशांचं ऐकव."

काही दिवस गेले. मग त्यानं मारिसेलला निरोप धाडला, की झाड पाडायला माणसं पाठवू नकोस. खोड कापून पाचर त्यानं स्वतःच ठोकली. बुडखा काठावर राहिला, शेंडा पाण्यात गेला.

हिवाळ्यात ओढा फुगला. मारिसेलनं फोनवर झाडाचं विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "हललाय. गेला नाही."

उन्हाळ्यात ओढ्यात जागोजाग नुसते गोटे उरले. झाडाखाली मात्र गुडघाभर गार पाणी होतं. वाइनो खोडावर पालथा पडून बराच वेळ खाली बघत राहिला. घरी आला तेव्हा कॉफी निवली होती.

"आहेत का?" ऐलीनं विचारलं.

"बोटाएवढी आहेत."

"किती?"

"एका जागी राहतील तर मोजीन ना."