आमच्या तिकीटवाल्यांचं संमेलन

हौशी मंडळींचे किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. एखादं संमेलन भरवायला घ्या, चार स्वयंसेवक नेमा, की मोरीत पाणी तुंबावं तसे ते आपोआप साचतात. पेन्शनीत निघाल्यापासून मी अधूनमधून बोळा काढतो, इतकंच.

नागपुरात आमचं टपाल तिकीट संग्राहक मंडळ होतं. सभासद अकरा, त्यांतले नऊ एकाच सरकारी कचेरीतले कारकून. कचेरीत विलायतेची पाकिटं येत. त्यांचे कोपरे कातरून घरी नेण्याला आम्ही छंद म्हणत असू.

आमचे चिटणीस धुंडिराजपंत. मध्यप्रांतातल्या सगळ्या तिकीट मंडळांचं मिळून एक मध्यवर्ती कार्यालय निघायचं होतं. ते नागपुरात यावं, या ध्यासानं त्यांचं जेवण कमी झालं होतं. पाटीसुद्धा रंगवून तयार होती. पण निर्णय जबलपूरच्या सप्रे साहेबांच्या हाती. निवृत्त इंजिनिअर, प्रांतातले सगळ्यांत जुने संग्राहक. नाताळच्या सुट्टीत आमचं संमेलन पाहून ते नागपूर की जबलपूर ठरवणार होते.

\*

महाल भागातल्या एका शाळेत संमेलन ठरलं. समित्या नेमायची सभा चार तास चालली, कारण नुसता सभासद व्हायला कुणी तयार नव्हतं. शेवटी धुंडिराजपंतांनी नऊ समित्या केल्या आणि नऊ जणांना नऊ रेशमी बिल्ले दिले. स्वागत प्रमुख, मंडप प्रमुख, पाणी प्रमुख, पंखा प्रमुख.

मग ते म्हणाले, आता वर्गातली बाकं बाहेर काढू या. सगळे आपापल्या बिल्ल्याकडे पाहू लागले. पाणी प्रमुख शांतपणे म्हणाले, "बाकं उचलायले स्वयंसेवक बोलवा न पंत. आपण तं सारे प्रमुख हावो."

बाकं धुंडिराजपंतांनी आणि मी उचलली.

\*

सप्रे साहेबांना आणायला स्वागत प्रमुख स्टेशनवर गेले. साहेबांना त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. पण काखेत जाडजूड वही असलेला वयस्क गृहस्थ दुसरा कोण असणार? त्यांनी हार घातला, टांग्यात बसवलं, शाळेत आणून पुरी-श्रीखंडाच्या पानावर बसवलं. गृहस्थही काही बोलले नाहीत. हार आणि श्रीखंड मिळत असताना कोण बोलतं? तो कापडाचा फिरता विक्रेता होता आणि वहीत सुटाच्या कापडाचे नमुने चिकटवलेले होते. दोघा सभासदांनी जेवता जेवता कोटांची मापंही दिली.

खरे सप्रे साहेब तासाभरानं स्वतः टांगा करून आले. दारावरच्या आमच्या माणसानं त्यांना हात आडवा करून थांबवलं.

"मी सप्रे. जबलपूरहून आलोय."

"बसा तिकडं," तो म्हणाला. "सप्रे साहेब आतमंदी जेवून राहिले."

\*

उद्घाटनाला पारशिवनीकडचे एक मालगुजार, म्हणजे मोठे जमीनदार, होते. मंडप त्यांचा, म्हणून अध्यक्षही तेच. त्यांनी स्वतःचा संग्रह आणला होता आणि तो खरंच जुना होता. सप्रे साहेब चष्मा लावून उत्सुकतेनं वाकले आणि तसेच राहिले.

तिकिटाच्या कडेचे दाते शाबूत असले तरच त्याला किंमत, हे आमच्यातल्या अगदी ढ सभासदालाही माहीत असतं. मालगुजारांच्या एकाही तिकिटाला दाते नव्हते.

"लय खरबड दिसत होते," मालगुजार कौतुकानं म्हणाले. "आमच्या सूनबाईनं कैचीनं सारे बराबर करून देल्ले."

मंडप त्यांचा होता. आम्ही टाळ्या वाजवल्या.

\*

दुसऱ्या दिवशी अमरावतीचे एक वकील आपली सुटी तिकिटं टेबलावर मांडत होते. पाहुण्यांना उकडू नये म्हणून पंखा प्रमुखांनी पंखा सुरू केला. नाताळात! क्षणात वकिलांचा अर्धा युरोप छताला लागला. वकील चारी पायांवर बाकांखाली शिरले आणि तिथूनच पंखा बंद करायला सांगू लागले.

पंखा प्रमुख जागचे हलले नाहीत. सुरू करण्याचं त्यांच्याकडे होतं. बंद करायचं काय, यावर सभेत काही ठरलंच नव्हतं.

\*

एवढं होऊनही सप्रे साहेब रागावले नाहीत. मोठा माणूस. ते धुंडिराजपंतांना म्हणाले, "गडबड सगळीकडे होते. उद्या माझा स्वतःचा संग्रह तुमच्या हाती देतो. तो नीट सांभाळलात, तर कार्यालय नागपूरला."

चाळीस सुट्या पानांचा संग्रह. सगळी तिकिटं कोरी. पोस्टाच्या शिक्क्याची शाई एकालाही लागलेली नव्हती, आणि तीच त्यांची किंमत.

पंतांनी रात्रभर विचार करून कचेरीतला सगळ्यांत जबाबदार माणूस निवडला: आवक शाखेचे विठ्ठलराव. ते मंडळाचे सभासद नव्हते, पण तीस वर्षांत त्यांच्या हातून एक कागद गहाळ झाला नव्हता. सकाळी दहाला पंतांनी संग्रह त्यांच्या हाती दिला आणि बजावलं, एकही पान इकडचं तिकडं होता कामा नये.

पावणेअकराला सप्रे साहेब आले. मागे पंत, त्यांच्या मागे मी. टेबलावर चाळीस पानं ओळीनं मांडलेली. प्रत्येक पानाच्या मधोमध, तिकिटांवरून आडवा, जांभळा ठसठशीत शिक्का: आवक. खाली अनुक्रमांक, तारीख आणि विठ्ठलरावांची सही.

साहेबांनी पहिलं पान उचललं, ठेवलं. चाळिसावं उचललं, ठेवलं.

"एकही सुटलं नाही साहेब," विठ्ठलराव म्हणाले. "मोजून घ्या."

साहेबांचा आवाज मुळीच चढला नाही. "कार्यालय जबलपूरला राहील," ते म्हणाले. "हे मी तुम्हाला आत्ता लेखी देतो."

विठ्ठलरावांनी शिक्का शाईवर टेकवला आणि दुसरा हात पुढे केला.

"द्या न साहेब. अकराच्या आत आलं तं आजच्याच तारखेत घेतो."