ब्रेकपर्यंत न पोचणारी बोटं

तिला सगळे फोटोबाई म्हणायचे. हॉस्पिटलात हाडांचे एक्स-रे काढायचं तिचं काम, आणि पेशंट लोक एक्स-रेला फोटोच म्हणतात. बावीस वर्षं ती त्या काळोख्या खोलीत लोकांचे हात, पाय, खांदे सरळ करून मशीनखाली ठेवत आली होती. वय सत्तेचाळीस, उंच, सडपातळ, पाय चांगले लांबलचक. बोलणं मोजकं. पेशंट कितीही ओरडला तरी तिचा आवाज चढत नसे. त्यामुळे ही बाई मुळात भित्री आहे हे घरच्यांखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं.

भीतीला कारणही तसंच होतं. सोमवारची सकाळ म्हणजे सायकलवाल्यांची सकाळ. रविवारी उतारावर आपटलेले धडधाकट लोक एक हात दुसऱ्या हाताने सांभाळत यायचे. गळ्याखालचं हाड, मनगट, कोपर. ती विचारायची, "कसं लागलं?" आणि दहातले नऊ जण तेच सांगायचे, "कळलंच नाही हो, एकदम झालं." मोडलेलं हाड तिने हजारदा पाहिलं होतं. त्याआधीचा तो क्षण, जो म्हणे कोणालाच कळत नाही, त्याची तिला धास्ती होती.

स्वतः ती सायकलवरच कामाला जायची. पण तिची सायकल जुनी, जड, सरळ हँडलची. पाठ ताठ ठेवून, फूटपाथच्या कडेकडेने, दहा मिनिटांचा रस्ता. मग झालं असं, की हॉस्पिटलने तिचा विभाग गावाबाहेरच्या टेकडीवर नव्या इमारतीत हलवला. नऊ किलोमीटर. बस दोनदा बदलायची. पहिल्या आठवड्यात तिने जुन्या सायकलवर जाऊन पाहिलं. चढ संपेपर्यंत ती अशी घामाघूम झाली, की रिसेप्शनवाल्या बाईंनी पेशंट समजून तिलाच खुर्ची दिली आणि विचारलं, "नाव लिहू का?"

तिची नणंद म्हणजे भिंगरी. लहानपणापासून एका जागी ठरत नसे म्हणून घरच्यांनी ठेवलेलं नाव, ते चाळिशी आली तरी चिकटून होतं. ती गेली सहा वर्षं रोड बाईक चालवत होती. पातळ टायर, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, वजन इतकं कमी की एका हाताने उचलावी. ती म्हणाली, "वहिनी, तो चढ तुला कळणारसुद्धा नाही. शनिवारी चल माझ्याबरोबर, दुकानात बघू."

"आणि उतार?"

"उतार तर फुकटचा!"

फोटोबाईंचा नवरा बाजूला बसून बूट पुसत होता. तो म्हणाला, "तू पडलीस तर तुझा फोटो कोण काढणार, तेवढं ठरवून जा." तो हसला. तिला हसू आलं नाही.

सायकलच्या दुकानाचा मालक साठीचा होता. तरुणपणी शर्यतींत उतरलेला. अंगाने काडीसारखा, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. दुकान एकच लांबोडकी खोली, छताला टांगलेल्या सायकली, रबराचा आणि तेलाचा वास. त्याने फोटोबाईंना भिंतीला पाठ लावून उभं केलं, उंची घेतली, पायांची लांबी घेतली आणि कौतुकाने म्हणाला, "पाय बघा! सायकलसाठीच केलेत." मग एक निळीशार सायकल खाली उतरवली, सीट वर-खाली केली आणि दारात आणून उभी केली.

"चक्कर मारून या. सरळ जा, शाळेपाशी उजवीकडे, उतार उतरला की सिग्नलच्या अलीकडे पुन्हा उजवी गल्ली. ती इथेच येते."

"उतार आहे?"

"एवढासा आहे. सायकल उतारावरच कळते, बाई."

ती बसली. बसताक्षणी तिला वाटलं, आपण सायकलवर नाही, सायकलच्या पुढे कुठेतरी लोंबकळतोय. हात ताणून ताणून हँडल गाठावं लागत होतं. मान वर करून पाहावं तर खांदे दुखू लागले. ती म्हणाली, "लांब वाटतंय जरा."

"सवय नाही ना, म्हणून," भिंगरी म्हणाली. "पहिल्यांदा सगळ्यांना वाटतं. घाबरू नकोस गं, जा!"

आता घाबरू नकोस म्हटल्यावर माणूस काय बोलणार? ती निघाली.

शाळेपर्यंतचा रस्ता सपाट होता. खरं सांगायचं तर तिथे तिला गंमतही वाटली. पेडलवर नुसतं पाऊल टेकवलं की सायकल पळत होती. शाळेपाशी उजवीकडे वळली आणि समोर उतार आला. एवढासा, असं पैलवान म्हणाला होता. त्याच्या मापाने असेल. तिला तो विहिरीत उतरल्यासारखा दिसला. एका हाताला फरशीचं गोदाम, दुसऱ्या हाताला अर्धवट बांधलेली इमारत, आणि खाली सिग्नलवरून आडव्या धावणाऱ्या गाड्या.

सायकलने वेग घेतला. जुन्या सायकलवर वेग हळूहळू यायचा, सांगून यायचा. हिच्यावर तो आला तो थेट कानात वारा होऊन. तिने ब्रेक दाबला. म्हणजे दाबायला गेली. ब्रेकचे लिव्हर हँडलच्या पार टोकाला, आणि तिची बोटं त्यांना जेमतेम टेकत होती. नखं लागत होती, पकड बसत नव्हती. नुसत्या बोटांच्या टोकांनी तिने जीव खाऊन ओढलं. मागच्या चाकाने बारीकशी कुरकुर केली आणि सायकल पळतच राहिली. हात खालच्या वळणात नेले तर पकड बसेल, एवढं तिला समजत होतं. पण त्यासाठी हँडल क्षणभर सोडावं लागणार होतं, आणि तिच्या हातांनी साफ नकार दिला.

एवढ्यात गोदामाच्या फाटकातून एक ट्रक पाठमोरा बाहेर येऊ लागला.

त्या वेळी तिच्या लक्षात आलं, की हे एकदम होत नाहीये. चांगलं सावकाश होतंय. ट्रकच्या मागच्या फळीवरचा गंज तिला दिसला. एक दोरी सुटून लोंबत होती ती दिसली. आता खांदा आपटेल, मग गळ्याखालचं हाड, हात पुढे टाकला तर मनगट, हे तिला फोटोंसारखं एकापुढे एक दिसलं. सगळं कळत होतं आणि काही करता येत नव्हतं. आजवर कोणी सांगितलं नव्हतं ते हेच.

समोरच्या बाजूला बांधकामाच्या वाळूचा ढीग पडला होता. तिने ठरवून तिकडे वळवली की सायकलच गेली, हे तिला नंतरही सांगता आलं नाही. पुढचं चाक खच्चकन वाळूत रुतलं आणि ती सायकलसकट कुशीवर आडवी झाली.

ट्रक थांबला. ड्रायव्हर उडी मारून धावत आला. टक्कल पडलेला, पोट सुटलेला, चेहरा पांढराफटक.

"बाई! लागलं का? बाई, बोला ना!"

वाळूत बसल्या बसल्या तिने आधी डाव्या अंगठ्याच्या मुळाशी दाबून पाहिलं, मग उजव्या. मग गळ्याखालचं हाड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटाने चाचपलं. ड्रायव्हर बघतच राहिला.

"काही मोडलं नाही," ती म्हणाली, आणि उठायला गेली ती परत वाळूतच बसली.

"बसा, बसा जरा," ड्रायव्हर म्हणाला आणि स्वतःही वाळूच्या कडेला बसला. "मलाच बसावं लागतंय बघा. तीस वर्षं गाडी चालवतोय. आरशात तुम्ही दिसलाच नाहीत. एकदम दिसलात ते वाळूत."

मग त्याने सायकल उचलून चाक फिरवून पाहिलं आणि गोदामात कोणाला तरी हाक मारून, ट्रक तिथेच सोडून, तिला दुकानापर्यंत पोचवायला चालत आला.

दारातच भिंगरीने वाळूने भरलेले कपडे पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. "वहिनी! काय झालं?"

"हे माझं काम नाही," फोटोबाई म्हणाली. "मी बसने जाईन. दोन बदलेन, तीन बदलेन. मला भीती वाटते आणि ती मला पेलत नाही."

पैलवानाने सायकलकडे पाहिलंच नाही. त्याने विचारलं, "ब्रेक लावलात?"

"लावत होते. लागत नव्हता."

त्याने दोन्ही ब्रेक दाबून पाहिले. चाकं जागच्या जागी थांबली. ब्रेक ठणठणीत होते. फोटोबाईंना शरमेने मेल्यासारखं झालं. म्हणजे सायकल बरोबर, रस्ता बरोबर, एवढासा उतार बरोबर. चुकीची काय ती आपणच.

पैलवान मात्र ब्रेकवर हात ठेवून तसाच विचार करत उभा होता. मग त्याने सायकल स्टँडवर घट्ट बसवली. "बाई, एकदा बसा. हलणार नाही, मी धरलीये. आता दाबा ब्रेक. तिथे दाबलात तसाच."

तिने दाबला. तो वाकला, नाक अगदी तिच्या बोटांपाशी नेलं आणि बघत राहिला. बोटांची टोकं लिव्हरवरून घसरत होती. त्याने तिचा तळहात उलटा करून आपल्या तळहाताला लावला. एवढी उंच बाई, आणि हात शाळेतल्या पोरीएवढे.

"अरे देवा," तो म्हणाला. "मी तुमचे पाय मोजले. हात मोजलेच नाहीत." तो खाली स्टुलावर बसला. "तुमचे पाय लांब, पण कमरेपासून वर तुम्ही आखूड आहात आणि बोटं ही अशी. ही सायकल तुमच्या पायांची आहे, बाकी तुमची नाही. बाई, चूक माझी आहे. तुम्ही लांब वाटतंय म्हणालात तेव्हाच मी थांबायला हवं होतं."

"मीपण," भिंगरी हळूच म्हणाली. "मला वाटलं तू उगाच घाबरतेस."

"उगाच नव्हते घाबरत."

"नाही गं. नव्हतीस."

ट्रक ड्रायव्हर अजून दारातच होता. तो म्हणाला, "माझी गाडी रस्त्यात आडवी आहे, मी निघतो. पण बाई, तुम्हाला नीट बसणारी सायकल मिळाल्याशिवाय उठू नका इथून." आणि गेला.

पुढचा एक तास पैलवान कामाला लागला. दोन मापं लहान अशी सायकल काढली, रंग शेवाळासारखा, कोणी पसंत न केलेली. सीट वर घेतली. हँडल धरून ठेवणारा तुकडा काढून आखूड लावला. मग ब्रेकच्या लिव्हरमधला बारीक स्क्रू फिरवत फिरवत ते आत आत आणले, दर वेळी तिला विचारत, "आता?" ती म्हणायची, "अजून." शेवटी दोन बोटं लिव्हरवर मधल्या पेरापर्यंत बसली. तिने दाबलं तसं चाक थांबलं. तिने पुन्हा दाबलं. आणि पुन्हा. पैलवानाने घाई केली नाही.

"उतारावर नका जाऊ," तो म्हणाला. "इथेच समोर, या खांबापासून त्या खांबापर्यंत. नुसतं थांबायचं शिका."

तिने ते वीसएक वेळा केलं. मनगटं दुखेनात, मान अवघडेना. पाठ वाकलेली होती, पण ताणलेली नव्हती. मग कोणाला काही न सांगता ती शाळेच्या दिशेने गेली.

भीती गेली होती म्हणून गेली असं नाही. उतार दिसताच तिने पाय टेकले. गोदामाचं फाटक आता बंद होतं, तरी तिची नजर तिथून हटेना. परत फिरावं असं तिला दोनदा वाटलं. पण आत्ता परत फिरलो तर उद्यापासून बसच्या रांगेत उभं राहून आपण हा उतार मनातल्या मनात रोज उतरू, आणि रोज पडू, हेही तिला कळत होतं. तिने दोन्ही हातांची दोन-दोन बोटं ब्रेकवर ठेवली आणि सुटली. ब्रेक सोडत, दाबत, सोडत, दाबत. मागून स्कूटरवाल्याने हॉर्न मारला, शिवी हासडली आणि पुढे गेला. ती चालण्याच्याच वेगाने खाली आली, उजव्या गल्लीच्या तोंडाशी पाय टेकून उभी राहिली. तेव्हा तिला समजलं, की दात इतके आवळले होते की जबडा ठणकतोय.

मागोमाग भिंगरी आपल्या सायकलवर आली. ती म्हणाली, "वहिनी, एक कुत्रं चालत चालत तुझ्या पुढे गेलं."

"जाऊ दे. त्याला चार पाय आहेत," फोटोबाई म्हणाली आणि हसता हसता रडायला लागली. भिंगरीने तिच्या पाठीवरची वाळू झटकली.

ती शेवाळी सायकल तिने घेतली. आता तीन वर्षं झाली. टेकडीच्या चढावर तिला कोणी गाठू शकत नाही, भिंगरीसुद्धा नाही. उतारावर मात्र ती अजून सगळ्यांच्या मागे असते, ब्रेकवर बोटं ठेवून. खाली बरोबरचे सायकलवाले थांबतात तिच्यासाठी. पावसाच्या दिवसांत ती बसने जाते. कोणी विचारलं, का हो, सायकल नाही आज, तर पूर्वीसारखी डोकं दुखण्याची सबब सांगत नाही. रस्ता ओला आहे, भीती वाटते, असं सरळ म्हणते आणि खिडकीची जागा बघते.