गुलाबी पिल्लांची माय

बोलता बोलता काकू मध्येच थांबायच्या, कपाळावर हाताचा आडोसा धरायच्या आणि वर आभाळाकडे बघायच्या. घार दिसली नाही की मग पुढचं वाक्य. ही सवय अंगणापुरती असती तर मी काही म्हटलं नसतं. पण मी ज्या पतसंस्थेत काउंटरवर बसते तिथे येऊनसुद्धा त्या सही करण्याआधी एकदा छताच्या पंख्याकडे बघून घ्यायच्या. रांगेतली माणसंही मग माना वर करायची. तुमच्याही शेजारात असं एखादं माणूस असेलच, ज्याच्याजवळ दोन मिनिटं उभं राहिलं की आपलीही मान दुखायला लागते.

नालवाडीत आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये कमरेएवढी भिंत आहे. काकूंचा भाजीचा मळा आता पुतणे बघायचे, मुलगा सिंदीला कापसाच्या जिनिंगमध्ये होता. काकूंकडे राहिलं होतं अंगण, आणि अंगणात कोंबड्या. मी ज्यांच्या घरात अंडंही येत नाही त्यांच्यातली. पहिलं वर्षभर मी नुसती कुरकुरले. एकदा कोंबड्याच्या पहाटेच्या आरवण्याबद्दल भिंतीशी जाऊन भांडले, तर शांतपणे म्हणाल्या, "तूच सांगून पाह्य त्याले. माह्यं त तो आयकत नाई."

मग एके दिवशी त्यांनी विचारलं नाही, सवरलं नाही, एक पिल्लू सरळ माझ्या ओंजळीत ठेवलं. "धर. याचा सोभाव पाह्य." एवढ्याशा जिवाला स्वभाव कसला, असं मला वाटलं. आठवडाभरात मी ऑफिसातून आल्यावर चहाच्या आधी भिंतीशी जायला लागले.

त्या हिवाळ्यात काळीची पिल्लं निघाली होती. काळी म्हणजे काकूंच्या माहेरची कोंबडी. कारंज्याहून एसटीत पिशवीत लपवून आणलेली. तिच्या पिल्लांत एक पाटील होता. तो खाण्याच्या ताटलीत दोन्ही पाय रोवून उभा राहायचा आणि दुसऱ्या कुणाची चोच आत येऊ द्यायचा नाही. एक कंडक्टर होता, सगळ्यांना ढकलत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचा. आणि एक मागली. काळीनं हाक दिली की सगळी पिल्लं पळत सुटायची आणि ही आपली एखाद्या खड्याकडे बघत उभी. मला वाटायचं, मंद आहे. काकूंना ते खपायचं नाही. "बाकीचे नुसते पयतात," त्या म्हणायच्या, "हे पोट्टी इचार करते."

घार दिसली की काकू "हाऽऽऽड्या!" अशी आरोळी ठोकायच्या. रस्त्यावरचा स्कूटरवाला ब्रेक मारायचा. मलाही त्यांनी ती शिकवायचा प्रयत्न केला. काउंटरवर आयुष्य हळू बोलण्यात गेलेलं, माझ्या गळ्यातून आवाजच निघेना. काकू पदराने डोळे पुसत हसल्या. "तुह्या वरडण्यानं चिमणीबी उडत नाई वं!"

छातीत दुखतं हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मुलाला शंका आली म्हणून तो त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी लगेच भरती व्हायला सांगितलं, ऑपरेशन लागेल, उशीर करू नका म्हणाले. काकूंनी मान डोलावली आणि कपडे घ्यायला म्हणून घरी आल्या. त्याच दुपारी मुंगसानं काळीला मारलं. ती पळाली नव्हती, पिल्लांच्या पुढे उभी राहिली होती. पिल्लं लाकडाच्या ढिगाखाली शिरून वाचली.

"पिल्लं दुसऱ्या मायखाली गेले का निघीन मी," काकूंनी मुलाला सांगितलं. मुलगा माझ्याकडे बघायला लागला. पौषातली थंडी होती, खोक्यात बल्ब लावून पिल्लं कशीबशी जगली असती असं मी म्हटलं. "लाइन गेली का मंग?" त्या म्हणाल्या. आमच्याकडची लाइन कशी जाते ते मलाही माहीत होतं.

आता आई नाही, घार आली तर सावध कोण करणार? काकूंनी होळीचा उरलेला पक्का रंग पाण्यात कालवला आणि काळीची सगळी पिल्लं त्यात बुडवून गुलाबी केली. त्यांची आई असंच करायची. घारीला असलं खाणं ओळखू येत नाही म्हणे. बुडवून काढलेली पिल्लं त्यांनी पदरात धरून, चुलीजवळ बसून वाळवली. काकूंचे हात मनगटापर्यंत गुलाबी झाले. मलाही तेव्हा ही युक्ती फार आवडली होती.

युक्ती अंगलट आली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. घरात दुसरी कोंबडी होती, तांबडी. महातापट. तिचीही चार पिवळी पिल्लं होती. अंधार पडता पडता तिच्या पोटाखाली परकी पिल्लं सरकवली की सकाळी ती आपलीच समजते, हा काकूंचा नेहमीचा रिवाज. त्या संध्याकाळीही त्यांनी तसंच केलं. पण सकाळी कोंबडी झाकायचं बांबूचं डालं उचललं आणि तांबडीनं गुलाबी पिल्लं पाहिली. ती तिला कोंबडीची पिल्लंच वाटली नसावीत. तिनं कंडक्टरच्या डोक्यात अशी चोच मारली की रक्त आलं. पाटील ओरडत भिंतीला जाऊन चिकटला. काकूंनी झडप घालून पिल्लं उचलली आणि तिथेच मटकन खाली बसल्या. त्यांचा श्वास मला भिंतीपलीकडून ऐकू येत होता.

"माय, चाल आता," मुलगा म्हणाला. त्यानं भाड्याची गाडी आणली होती. "कोंबडीच्या पोराईसाठी मरतं का?"

"त्याइची माय त्याइच्यासाठीच मेली नं?" काकू म्हणाल्या.

मी भिंत ओलांडून गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मला विलक्षण राग आला होता. मी म्हटलं, काकू, पुरे झालं, पिल्लं मी माझ्या घरात ठेवते, आमच्यात चालो न चालो, तुम्ही आधी गाडीत बसा. त्यांनी माझा हात दाबला. हात बर्फासारखा गार होता. "तू ठेवशीन, मले माहीत हाय. पन तुले दिवसभर हापीस. आजचा दिवस दे. फकस्त आजचा."

दुपारभर त्या पिल्लांना पदराखाली घेऊन ओट्यावर बसल्या. रंग धुवायला गेलं तर ओली पिल्लं गारठून मेली असती, आणि पक्का रंग निघणारही नव्हता. मुलगा फाटकाशी येरझारा घालत होता. संध्याकाळी काकूंनी पुन्हा रंगाचं भांडं मागितलं. या वेळी त्यांनी तांबडीचीच पिल्लं उचलली.

"हे काय करून राह्यली तू?" मुलगा ओरडला. "थे याइलेबी मारून टाकीन!"

"आवाज त तिच्याच पोराईचा हाय. आयकीन नं ते." असं म्हणाल्या खऱ्या, पण पैज मोठी होती. तांबडीनं आवाज ओळखला नसता तर काळीची गेलीच होती, आता तांबडीचीही गेली असती. सगळी पिल्लं गुलाबी करून, वाळवून, काळोख पडता पडता त्यांनी एकेक करून तांबडीच्या पोटाखाली सरकवली. सगळ्यात शेवटी मागली.

सकाळी गाडी सुरू करून मुलगा बसला होता. काकू डाल्याशी वाकल्या. मी डाल्याच्या दुसऱ्या बाजूला काठी हातात धरून उभी, तांबडीनं हल्ला केला तर हाकलायला. डालं उचललं. तांबडी बाहेर आली, अंग झाडलं, वळून बघितलं, आणि समोर सगळीच्या सगळी गुलाबी. तिनं मान उंच केली. तिची मान उंच झाली की पुढे चोच बसते हे आम्हाला ठाऊक झालं होतं. काकूंनी माझं मनगट पकडलं. मग तिच्यापैकीच एक पिल्लू चिवचिवलं. तिनं मान वाकडी करून ऐकलं. दुसरं चिवचिवलं. तांबडीनं मान खाली घातली, मातीत पाय मारला आणि पिल्लांना खायला बोलावतात तसं कुकुक् कुकुक् केलं. पाटील सगळ्यांच्या आधी धावला. मी रडले, लाजायचं काही कारण नाही.

काकूंनी पातळ बदललं आणि गाडीत बसल्या. फाटकाशी गाडी थांबवायला लावून मला म्हणाल्या, "आभायाकडं ध्यान ठेवजो. अन् जोरानं वरडजो, लाजू नको." मग सवयीने गाडीच्या टपाकडे बघितलं आणि गेल्या.

ऑपरेशन झालं. त्यानंतर काकू उठल्याच नाहीत. मुलगा म्हणतो, आधी नेलं असतं तर. डॉक्टर म्हणाले, तसं सांगता येत नाही. मला काकूंचा राग येतो, अजूनही येतो, आणि तो आला की मी जाऊन पिल्लांना तांदळाची चुरी टाकते.

त्या दिवशी दवाखान्यातून काकूंना घरी आणलं, अंगणात ठेवलं. अंघोळ घालताना बायका त्यांच्या नखांतला गुलाबी रंग घासून काढायला लागल्या. एवढं वय, नवरा नाही, आणि बोटं अशी. मी म्हटलं, राहू द्या. कुणीतरी जागा करायला डालं बाजूला सरकवलं आणि तांबडी पिल्लं घेऊन बाहेर आली, लोकांच्या पायांतून.

तेवढ्यात जमिनीवरून एक सावली सरकली. तांबडीनं लांब सूर काढला, सगळी पिल्लं तिच्याखाली शिरली, आणि उघड्या अंगणात एकटी मागली उभी राहिली, खड्याकडे बघत.

"हाऽऽऽड्या!"

एवढा आवाज माझ्यात होता हे मला माहीत नव्हतं. बायका धावत आल्या, मला धरलं, "रड बाई, मोकयी हो," म्हणून पाठीवरून हात फिरवायला लागल्या. मी त्यांच्या हातांतून मान काढून वर बघत होते. घार वळली आणि मळ्याच्या अंगाला गेली. मग मागली सावकाश चालत, काकूंच्या पायाशी वळसा घालून, तांबडीच्या पंखाखाली शिरली.