बँकवाल्यांना मत नाही

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या बाई, मध्येच हसलात की माझं सांगायचं राहून जातं. तर, मी एकदा बहारीनमध्ये निवडणूक लढवली होती. म्हणजे उभी नव्हते मी, पण लढले मीच. जो माणूस उभा होता तो बिचारा गप्प बसून असायचा, आणि तेच त्याचं चुकतंय अशी माझी ठाम समजूत होती.

नव्वदीतली गोष्ट. आम्ही तेव्हा मनामात, उम्म अल हस्समला राहायचो. तिथल्या सगळ्या भारतीयांचा मिळून एक मोठा क्लब होता, त्याच्या अध्यक्षपदासाठी त्या वर्षी एक मराठी माणूस उभा करायचा असं ठरलं. एकच. आता आपल्यात एक म्हटलं की दोन उभे राहतात, हे काय मी सांगायला हवं? म्हणून आधी मराठी घरांनी आपापसात मतदान करायचं आणि जो जिंकेल त्याला पुढे पाठवायचं.

एक होते देवधर. मोठ्या बँकेत मोठे साहेब. बाहेर पंचेचाळीस डिग्री असली तरी माणूस टायमध्ये. आणि मुख्य म्हणजे आमच्या ह्यांचे साहेब. हे त्यांच्याच बँकेत कॉम्प्युटरला होते.

दुसरे गायकवाड. पॉवर स्टेशनला टेक्निशियन, राहायला नईमला, शिफ्ट ड्युटी. बोलायचे कमी, पण बोलले की लागायचं.

भांडण होतं बँकांवरून. आमच्या मागच्या कार्यक्रमाला देवधरांनी दोन बँकांकडून पैसे आणले होते. मग स्टेजवर बँकांचे बॅनर एवढाले, की मागे गणपती आहे हे लोकांना आरती सुरू झाल्यावर कळलं. आणि पुढच्या चार रांगा बँकेच्या पाहुण्यांसाठी राखीव. पाहुणे आलेच नाहीत. जिदहफ्सहून, नईमहून बसने आलेली माणसं पोरं कडेवर घेऊन मागे उभी. गायकवाडांची मुलगी त्या दिवशी स्टेजवर नाचत होती, आणि बाप नाईट शिफ्ट करून आलेला, भिंतीला टेकून रिकाम्या खुर्च्यांच्या डोक्यावरून बघत होता. ते बघून मी ठरवलं, यंदा गायकवाडच.

दोघांची समोरासमोर एकदा झालीही. देवधर म्हणाले, "अहो गायकवाड, बँका नसत्या तर हॉलच मिळाला नसता. तुम्ही खुर्च्यांचं बोलताय, मी छपराचं बोलतोय."

"साहेब, छप्पर आमच्या पॉवर स्टेशनलापण आहे," गायकवाड म्हणाले. "पण तिथे ज्याची ड्युटी असते त्याला आत घेतात, पाहुण्यांसाठी मागे उभं करत नाहीत."

झालं, मला चेव चढला. पंधरा दिवस मी घरात एका जागी बसले नाही. कुकर लावला की फोन, शिट्टी झाली की दुसरा फोन. रात्री अंथरुणातून उठून यादी बघायची. हे म्हणायचे, "अगं, जरा टेक."

"मी टेकले की देवधर उठतील."

"ते माझे साहेब आहेत, एवढं तरी लक्षात ठेव."

"तुम्ही घाबरा. मी नाही घाबरत."

मतदानाच्या आदल्या दिवशी गायकवाड चहाला आले. माझी यादी बघून म्हणाले, "वहिनी, छान केलंत. फक्त बँकेतल्या घरांना फोन करू नका. त्यांचं मी बघतो."

मी मनात म्हटलं, काय बघणार हा देवमाणूस? बँकेतली नऊ घरं, नऊच्या नऊ साहेबांच्या खिशात. ह्यांनी तेवढ्यात पेपर असा काही तोंडासमोर धरला की मला वाटलं, आखातात काहीतरी पेटलं परत.

शुक्रवारी सकाळी सभा. शाळेचा एक वर्ग मिळाला होता, तोही पहिलीचा. आम्ही सगळे गुडघे हनुवटीला लावून बाकांवर. तेहतीस घरं, घरटी एक मत, चिठ्ठीवर. चिठ्ठीचा आग्रह गायकवाडांचा. मला काही पटलं नव्हतं, सरळ हात वर करायला काय होतं लोकांना?

मी मोजत होते. पुन्हा मोजत होते. पुढच्या बाकावर देवधर निवांत बसलेले, आणि त्या निवांतपणानेच माझं डोकं फिरलं. चिठ्ठ्या वाटायला घेतल्या आणि मी उभी राहिले.

"एक मिनिट. वाद बँकांचाच आहे ना? मग ज्यांच्या घरात बँकेचा पगार येतो त्यांनी आज मत देऊ नये. मी ठराव मांडते."

गायकवाड अर्धवट उठले. "वहिनी, ऐका जरा..."

"भाऊ, तुम्ही भिडस्त आहात. बसा तुम्ही."

ह्यांनी बाकाखालून माझा पदर ओढला. मी सोडवून घेतला. नवरा साहेबांना भ्यायला म्हणून बायकोनेही भ्यायचं की काय?

आणि देवधरांनी काय करावं? त्यांनी क्षणभर विचार केला, मागे वळून आपल्या बँकेतल्या लोकांकडे एक नजर फिरवली आणि म्हणाले, "वा. वहिनींचं तत्त्व मला मान्य आहे. माझंही मत जाईल, जाऊ दे. ठरावाच्या विरोधात कोण आहे? हात वर करा बघू."

एकही हात वर गेला नाही. बँकेतली माणसं पहिलीच्या भिंतीवरचा गाजर-टोमॅटोचा तक्ता वाचत होती. मला काय आनंद झाला म्हणून सांगू, नऊ मतं कापली मी देवधरांची, एका वाक्यात.

चिठ्ठी वाटणारे आमच्या बाकाशी आले आणि पुढे गेले.

"अहो, आमची चिठ्ठी?"

"वहिनी, तुमचे मिस्टर बँकेत ना?"

माझ्या हे ध्यानातच आलं नव्हतं. खरंच सांगते. बँकवाले म्हणजे देवधर, आम्ही म्हणजे आम्ही. पण म्हटलं ठीक आहे, एक मत गेलं तर त्याग समजू.

निकाल लागला. देवधर तेरा, गायकवाड अकरा.

मी तिथेच परत मोजायला लागले. ह्यांनी दंडाला धरून बाहेर नेलं, गाडीत बसवलं आणि एसी लावला. मग म्हणाले, "बँकेत नऊ घरं. एक साहेबांचं. उरलेली आठ गायकवाडांची होती. आपल्यासकट."

"बँकेतली? साहेबांच्या विरुद्ध?"

"मागच्या कार्यक्रमाला त्या चार रांगा कोणी लावल्या? आम्ही. शुक्रवारची सुट्टी, आणि साहेब कडेला उभे राहून सांगतायत, जरा सरळ लावा. साहेबांना बाकीच्यांपेक्षा आम्हीच जास्त ओळखतो. म्हणून तर चिठ्ठ्या ठेवायला लावल्या गायकवाडांनी."

"मग मगाशी हात का नाही वर केलेत?"

"साहेब मागे वळून मोजत होते."

"निदान मला तरी आधी सांगायचं."

"तुला सांगितलं असतं तर कुकरच्या दुसऱ्या शिट्टीला मनामाभर झालं असतं."

तेवढ्यात देवधर गाडीच्या काचेशी आले. वाकून म्हणाले, "वहिनी, तुमची तडफ फार आवडली. माझ्या कमिटीत याच तुम्ही." मी काच वर केली. एसी चालू होता ना.

दोन दिवस मला चैन पडेना. ताट वाढलं की भूक जायची. शेवटी ह्यांना घेऊन नईमला गायकवाडांकडे माफी मागायला गेले. त्यांच्या बायकोने, शालिनीताईंनी, चहा दिला आणि वर चकली दिली, त्यामुळे तर आणखीच मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "भाऊ, शिव्या तरी द्या हो."

"कशाला वहिनी? तुमच्या मनात खोट नव्हती. मी पुढच्या वर्षी परत उभा राहणार आहे."

"खरंच? मग मी या वेळी आणखी..."

"थांबा, थांबा." त्यांनी कप खाली ठेवला. "मतदानाची तारीख ठरवायचं काम पुढच्या खेपेला माझ्याकडे दिलंय. म्हणून विचारतो. तुम्ही इंडियाला सुट्टीवर कधी जाता?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "शाळा सुटली की. दोन महिने. लागलं तर महिनाभर वाढवतो तिची."