दिवेआगरला निघालो, बोर्लीच्या बँकेत बसलो

फेब्रुवारीत दोन दिवसांची रजा मिळाली आणि मी बाबांना घेऊन दिवेआगरला जायचं ठरवलं. समुद्र, मासे, झोप. बाबांनी तीस वर्षं बँकेत कॅशियर म्हणून काढली आहेत, हे मी विसरले.

गेटवेहून मांडव्याची बोट घेतलीत तर त्याच तिकिटात अलिबागपर्यंत बस मिळते. इथवर सगळं छान. रेवदंड्याला रिक्षातून उतरताना बाबांनी भाडं दहा-दहाच्या नाण्यांत पुढे केलं.

"ही नाणी न्हाय चालत, काका," रिक्षावाला म्हणाला.

"का? सरकारी नाणं आहे!"

"सरकारला चालत असंल. माझ्याकडनं भाजीवाली घेत न्हाय."

मग बाबांनी त्याला सोळा आण्यांच्या रुपयापासून इतिहास ऐकवला. आणे जाऊन नवे पैसे आले तेव्हाही लोकांनी अशीच खळखळ केली होती म्हणे. मागे दोन रिक्षा हॉर्न वाजवत होत्या. मी फोन काढला, तर रेंज नाही. शेवटी पाचशेची नोट मोडण्यासाठी नको असलेले दोन वडापाव घेतले. तुम्ही जाणार असाल तर सुट्टे घरूनच न्या.

मुरूड, आगरदांडा, फेरीबोटीने दिघी, तिथून बोर्ली पंचतन. बाजाराजवळच्या सुगंधाताईंच्या खाणावळीत सुरमईची थाळी मिळाली. रस्सा असा की माझा राग उतरलाही असता, पण पैसे देताना बाबांना गल्ल्याशेजारी एक डबा दिसला. आत वाळवीने खाल्लेल्या पाचशेच्या बावीस नोटा.

"फ्रीजर घ्यायला साठवलेले," सुगंधाताई म्हणाल्या. "फडताळात वाळवी लागली. बँकेत बोलले, चालायच्या न्हाय. टाकून द्यायला पन हात होत न्हाय."

बाबा ताठ झाले. "ऐंशी टक्के तुकडा शाबूत असेल तर पूर्ण पैसे मिळतात. चाळीसच्या वर असेल तर निम्मे. चला."

"बाबा, समुद्र पाच-सहा किलोमीटरवर आहे," मी म्हणाले. "हे आपलं काम नाही."

त्यांनी ऐकलंच नाही.

बँकेतल्या तरुण अधिकाऱ्याने मान वर न करता सांगितलं, "उद्या सकाळी या." संध्याकाळभर मी खाणावळीच्या टेबलावर फूटपट्टी धरून बसले आणि बाबा एकेक तुकडा पांढऱ्या कागदावर मांडत राहिले. सुगंधाताई चिकटपट्टी घेऊन आल्या तर, जोडलेल्या नोटेवर बँक संशय घेते म्हणून, बाबा त्यांच्यावर ओरडले. लोक दिवेआगरच्या वाळूत सूर्यास्त पाहत होते, मी नोटेची लांबी मोजत होते. रात्री खाणावळीच्या माडीवर झोपलो. खोलीचे सहाशे सुगंधाताईंनी घेतले नाहीत, तेव्हा बाबांनी ते उशीखाली ठेवले.

दुसऱ्या दिवशी दहाला बँक उघडली. अधिकारी पुन्हा "मोठ्या शाखेत न्या" म्हणाला. बाबा ओरडले नाहीत. कागद त्याच्यापुढे सरकवून म्हणाले, "मीही बँकेत अशाच खुर्चीवर बसत होतो. नियम तुमच्याच पुस्तकात आहे. तुम्ही वाचा, मी थांबतो."

दोन तास आम्ही तिघं तिथे थांबलो. सतरा नोटांचे पूर्ण पैसे मिळाले, तीन नोटांचे निम्मे, दोन वाया. नऊ हजार दोनशे पन्नास. सुगंधाताईंनी पैसे घेतले आणि त्या बाबांच्या पाया पडल्या. बाबा इतके गडबडले की बाकाखाली काढलेली चप्पल तिथेच विसरून बाहेर आले.

परतीच्या बोटीत मी फुगूनच बसले होते. बाबा म्हणाले, "मीही अशांना परत पाठवायचो गं. रांग मोठी असायची. तुकडे मोजत कोण बसणार? एक म्हातारी तर तीनदा आली होती. चौथ्यांदा आली नाही."

मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

दिवेआगरचा किनारा कसा आहे, असं ऑफिसात सगळे विचारतात. मला माहीत नाही. रजा संपली, समुद्र राहिला, आणि त्याचा राग अजूनही येतो. पण बाबांना "हे आपलं काम नाही" असं मी म्हणाले होते, ते त्याहून जास्त टोचतं.