माझी डावी बाजू

माझ्या मैत्रिणीने घर विकलं, हे मला फुलवालीकडून कळलं. दारात उभी राहून ती हातावर मोगऱ्याची माळ मोजत होती आणि मोजता मोजता तमिळमध्ये सहज म्हणाली, "अम्मा, त्या पलीकडच्या बाई चालल्या ना हैदराबादला, मुलाकडे? घर दिलं म्हणे. आता त्यांचं फूल बंद."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका गल्लीत वाढलो, एका शाळेत गेलो, चाळीस वर्षं एका बाजूने खेळलो, आणि बातमी आधी फुलवालीला! खेळायला जर्मनीला जायची आम्हा दोघींची तिकिटं काढून झाली होती म्हणून, नाहीतर तिच्याबरोबर मी कोपऱ्यावर कॉफी प्यायलासुद्धा गेले नसते.

आता 'खेळलो' म्हणजे काय ते सांगते. रिंग टेनिस. रबरी रिंग जाळीवरून फेकायची, पलीकडच्याने ती एका हाताने झेलून लगेच परत टाकायची, जमिनीला लागली की गुण गेला. आमच्या तमिळ मुलखात हा खेळ मुलींच्या शाळांतून अजून चालतो. कुंभकोणमला महामहम तळ्यामागे एका शाळेचं पटांगण आहे, तिथे आम्ही नववीत असताना खेळायला लागलो ते थांबलोच नाही. मी तिरुनागेश्वरम्‌च्या शाळेत शिकवायची, ती तिरुभुवनमला विणकरांच्या सोसायटीत कामाला होती. संध्याकाळी तिची बस यायची, पदरावर रेशमाचे धागे चिकटलेले असायचे, तशीच पदर खोचून ती मैदानात उतरायची. मी उजवीकडे, ती डावीकडे. ही जागा कधी कुणी ठरवली नाही आणि कधी बदललीही नाही.

आम्ही दोघी तंजावरी मराठी. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी राजांच्या मागोमाग इकडे आलेल्या घरांतल्या. आमची घरातली बोली तमिळ, कन्नड सगळं पोटात घालून बसलेली आहे. हे लिहिलेलं पुण्याच्या माझ्या सुनेने वाचून मापात बसवलंय, नाहीतर तुम्हाला निम्मं कळलं नसतं. बाहेर सगळं आयुष्य तमिळमध्ये; मराठी घरात आणि मैदानावर तिच्याशी. माझे यजमान गेल्यावर आणि मुलगा-सून पुण्याला राहिल्यावर घरातलीही गेली. उरली ती एकटी.

आणि हीच निघाली होती. मला न सांगता.

मी ठरवलं, विचारायचं नाही. मोडेन पण विचारणार नाही. ती आपल्या तोंडाने सांगेल तेव्हा सांगेल. तिने जाऊ नये असंही मी म्हणणार नव्हते. मुलाकडे जायला कोण कुणाला अडवणार? मला एवढंच हवं होतं, की तिने एकदा म्हणावं, बाई ग, तुला सोडून जाणं जड जातंय. एवढं एक वाक्य. पण आमच्या बाईसाहेब म्हणजे ढिम्म! मला राग आला की मी बोलते. तिला राग आला की ती पोळ्या लाटते. दुःख झालं तरी पोळ्याच लाटते. नवरा गेला तेव्हा तेराव्यापर्यंत तिच्या डोळ्यात मला पाणी दिसलं नाही, पोळ्या मात्र गल्लीभर गेल्या.

जर्मनीचं असं झालं. तिकडे लहान लहान गावांतून क्लब आहेत, हौसेने रिंग टेनिस खेळणारे. त्यातल्या एका क्लबची स्पर्धा होती, कोणीही या, कितीही वयाचे या. चेन्नईच्या एका ओळखीच्या प्रशिक्षक बाईंनी ते आमंत्रण फोनवर पाठवलं, आणि मी काही विचार न करता 'येतो' म्हणून टाकलं. मैत्रिणीला नंतर सांगितलं. तेव्हा ती म्हणाली होती, "बरं." बस. पहिल्यांदा परदेशी जायचं, विमानात बसायचं, आणि 'बरं'!

विमानात मी मिठाची गुळणी धरून बसले. तिला त्याचं काही नाही. तिने डबा उघडला, पुळियोदरै, म्हणजे आमचा चिंचेचा भात, काढला आणि मला विचारलं, "देऊ?"

"नको."

"चिंच जास्त झाली असेल म्हणून?"

"भूक नाही."

"मग मी खाते." आणि खाल्लाही, सावकाश, बोटं चाटून. वर पितळेचं कॉफी फिल्टर पिशवीत नीट आहे ना, हे तिने तीनदा पाहिलं. घर विकलं त्याची काळजी नाही, फिल्टरची काळजी! कर्म माझं.

गाव टुमदार होतं. मैदान म्हणजे हिरवंगार गवत, त्यावर पांढऱ्या पट्ट्या, भोवती तंबू, तंबूत केक. उन्हाळा म्हणत होते, पण मला मार्गळीतल्या, म्हणजे मार्गशीर्षातल्या, पहाटेसारखी हुडहुडी भरली होती. मैत्रिणीने आल्या आल्या बूट काढून बाजूला ठेवले. घरी आम्ही मातीवर अनवाणीच खेळतो. ते लोक तिच्या पायांकडे बघत राहिले, मग एका आजोबांनीही बूट काढले.

पहिल्या दिवशी आमच्या जोडीचे सामने होते. दोन जिंकलो. तिसऱ्यात समोर दोघी बहिणी होत्या, घोड्यासारख्या पळणाऱ्या. त्यात आमच्या दोघींच्या मधोमध दोनदा रिंग पडली. माझं डोकं फिरलं. "अग, झोपलीयस का? लक्ष कुठेय तुझं? हैदराबादला?" असं मी सगळ्यांदेखत ओरडले. तिथे कोणाला कळणार होतं म्हणा. तिला कळलं. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, रिंग उचलली आणि म्हणाली, "तुझी सर्व्हिस." हरलो.

रात्री ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या बाईंच्या स्वयंपाकघरात ती कणीक शोधत होती. मी समजायचं ते समजले. पण बोलली नाही ती नाहीच.

दुसऱ्या दिवशी त्यांची एक पद्धत होती. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी एकमेकांत मिसळावं म्हणून ते जोड्या मोडतात आणि टोपीतून चिठ्ठ्या काढून नव्या लावतात. मी म्हटलं, छान, आजपासूनच सवय होऊ दे. माझ्या वाट्याला कॉलेजातली एक मुलगी आली, सोनेरी शेंडी, हसरी. मैत्रिणीच्या वाट्याला एक निवृत्त पोस्टमन. चांगला सहा फुटांचा, मिशा अशा की जणू आमच्या वेशीवरच्या राखणदार देवाच्या, अय्यनारच्या. आणि तिसऱ्या फेरीत समोरासमोर कोण? आम्हीच.

जाळीच्या पलीकडे ती येऊन उभी राहिली, आणि माझ्या एकदम लक्षात आलं की चाळीस वर्षांत मी हिला कधी समोरून खेळताना पाहिलेलंच नाही. कशी पाहणार? तिचं कोपर मला ठाऊक, बांगड्यांचा आवाज ठाऊक, ती दमली की श्वास कसा वाजतो ते ठाऊक. खेळणारा चेहरा ठाऊक नाही. रिंग फेकताना ती जिभेचं टोक ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर काढते! अगबाई! नातवंडं झाली आणि जीभ बाहेर! मला इतकं हसू आलं की पहिले दोन गुण मी तसेच घालवले.

मग मी नेटाने खेळायला लागले. मला तिला हरवायचं होतं, खोटं कशाला बोलू. तिच्या सगळ्या खोडी मला पाठ. ती रिंग झेलल्यावर जरा रेंगाळते, अगदी निमिषभर, मग फेकते. त्यावरून मी जन्मभर तिला बोलत आले, की तुझं सगळंच उशिरा. आता तो निमिषभर मला पुढे सरकायला पुरत होता. मी त्याची वाट बघायला लागले, म्हणून मला ते दिसलं.

रिंग झेलली की ती आधी उजवीकडे बघायची. पटकन, पापणी लवावी तसं. मला वाटलं, त्या मिशीवाल्याकडे बघते, तो कुठे उभा आहे ते. पण तो सहा फुटांचा, आणि ही मान वर करत नव्हती. तिची नजर जायची त्याच्या झेलायला उचलून धरलेल्या कोपराशी. तिथे काही नाही, नुसतं कोपर. मग ती बावरल्यासारखी समोर बघायची आणि फेकायची. पुढच्या खेपेला पुन्हा उजवीकडे, पुन्हा त्याच उंचीवर, पुन्हा कोपर.

ती माझी उंची होती. माझा चेहरा असायचा तिथे. मी उजवीकडे.

मी कधी तिच्याकडे बघून खेळले नाही. माझी नजर कायम समोरच्यावर, आणि तोंड कायम चालू. ती मात्र प्रत्येक वेळी आधी मला बघत होती, मग रिंग फेकत होती. नववीपासून. रोज. आणि मी म्हणत होते, हिचं सगळंच उशिरा.

रिंग माझ्या हातात आली आणि हातातच राहिली. पंचांनी शिट्टी वाजवली. सोनेरी शेंडी काहीतरी म्हणाली. मी फेकायचीच विसरले होते. तो गुण गेला, त्याच्यामागून बाकीचेही गेले. पोस्टमनने मैत्रिणीशी जोरात हात मिळवला आणि आम्हाला केक आणून दिला.

बाकावर ती शेजारी येऊन बसली. अर्थात डावीकडे.

मी म्हटलं, "त्याच्या कोपरात काय बघत होतीस?"

तिला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा कानाच्या पाळ्या लाल झाल्या. म्हणाली, "सवय ग. इतक्या वर्षांची मान, एका दिवसात सरळ होते होय?"

"आणि घर विकलंस ते मला का नाही सांगितलंस?"

ती केकचा तुकडा चमच्याने इकडून तिकडे सारत राहिली. पोळ्या लाटायला काही नव्हतं तिथे. मग इकडचं तिकडचं न बोलता सरळ म्हणाली, "तिकडे मुलाची दोन्ही पोरं गळ्यात किल्ली अडकवून शाळेतून येतात. बंद घरात. मला गेलं पाहिजे. तुला सांगितलं असतं तर तू 'थांब' म्हणाली असतीस."

"मग? म्हटलं असतं तर?"

"तर मी थांबले असते."

मी तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि मोठमोठ्याने रडले. लाज वगैरे काही वाटली नाही. तो बिचारा पोस्टमन धावत आला; त्याला वाटलं मी हरल्यामुळे रडतेय. त्याने आपला केकही मला दिला. मैत्रिणीचे डोळे वाहत होते, पहिल्यांदाच पाहिले मी ते, आणि तिला ते पुसायचंही सुचत नव्हतं.

'थांब' अगदी माझ्या दातांपर्यंत आलं होतं. एवढा एक शब्द, आणि ती थांबली असती. मी तो केकबरोबर गिळला. नाक पुसलं आणि म्हटलं, "हैदराबादला घराजवळ मैदान आहे का, ते आधी बघ."

"बघते," ती म्हणाली.